माणूस हे ‘संसाधन’ कधीपासून झाले?

वाणिज्य शाखेच्या पदवी वर्गात शिकणारी आमच्या कबनूरची एक विद्यार्थिनी मध्यंतरी आपला प्रकल्प-अहवाल दाखवावयास माझ्या घरी आली. विषय होता ‘यंत्रमाग उद्योगातील मानव संसाधन व्यवस्थापन’. अहवाल नीटनेटका होता. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, प्रश्नावली, तक्ते आणि निष्कर्ष, सारे विद्यापीठीय शिस्तीत बसविलेले होते. तिने ज्या कामगारांना प्रश्न विचारले, त्यांपैकी बहुतेक सर्व आपल्या कामाविषयी ‘पूर्ण समाधानी’ असल्याचे आढळले होते. त्या समाधानी मंडळींत तिचे वडीलही होते. बारा-बारा तासांची पाळी करून गेली वीस-बावीस वर्षे माग चालविणारा हा गृहस्थ माझ्या चांगल्या परिचयाचा असल्यामुळे मला त्या समाधानाचे कुतूहल वाटले. पुढे रस्त्यात गाठ पडली तेव्हा मी विचारले. ते हसून म्हणाले, “सर, पोरगी कागद घिऊन आली तवा मालक बाजूलाच हुबा हुता. मग काय सांगायचं?”

या प्रसंगात त्या मुलीची चूक नाही आणि तिच्या वडिलांची तर नाहीच नाही. मुलीने पुस्तकात जे शिकविले तसे केले. वडिलांनी आयुष्याने जे शिकविले तसे केले. चूक आहे ती त्या पुस्तकाची. ज्या ज्ञानशाखेत कामगाराचे समाधान मोजण्याची रीत शिकविली जाते, पण तो कोणासमोर उभा राहून उत्तर देतो आहे हे विचारण्याची रीत शिकविली जात नाही, ती ज्ञानशाखा कोणाच्या उपयोगाची आहे, हा प्रश्न पक्षाच्या कार्यकर्त्यांनी व हितचिंतकांनी आता गांभीर्याने हाती घ्यावयास हवा. कारण आज इचलकरंजी, कबनूर, चंदूर, कोरोची, तारदाळ या पट्ट्यातील कामगारांची मुलेमुली हजारोंच्या संख्येने पदवीच्या वर्गात बसली आहेत. त्यांच्या पूर्वीच्या पिढीला तेथे पाऊलही ठेवता आले नव्हते. ही आपल्याच चळवळीची कमाई आहे, आणि म्हणूनच त्या वर्गात काय शिकविले जाते याची जबाबदारीही आपल्याला झटकता येणार नाही.

शब्दाचा प्रवास

‘मानव संसाधन’ हा शब्द आज इतका रुळला आहे की त्यात काही विपरीत आहे असे कोणाला वाटतच नाही. वस्तुतः शब्द निरागस नसतात. खनिज हे संसाधन आहे, पाणी हे संसाधन आहे, कापूस हे संसाधन आहे. संसाधन म्हणजे जे दुसऱ्या कोणाच्या तरी हेतूसाठी वापरावयाचे असते ते. माणसाला या ओळीत बसविले की वापरणारा कोण आणि वापरला जाणारा कोण, हे न बोलताच ठरून जाते.

या विषयाचा आपल्या देशातील जन्म मात्र निराळ्या हेतूने झाला होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगारांची भरती जॉबरच्या हाती असे. (आपल्याकडे मागाची दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला जॉबर म्हणतात. गिरणीतला जॉबर निराळा. तो माणसे लावी आणि काढी.) नोकरी लावण्यासाठी तो लाच घेई, व्याजाने पैसे देई आणि जो ऐकत नसे त्याला घरी बसवी. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ मध्ये जो अहवाल दिला, त्यात जॉबरची ही सत्ता मोडून भरतीसाठी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावेत अशी शिफारस होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४९ व्या कलमाने पाचशे अथवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. असे अधिकारी तयार व्हावेत म्हणून शिक्षणाचीही सोय झाली. १९३६ साली स्थापन झालेली टाटा समाजविज्ञान संस्था आणि १९४७ साली मुंबईत शासनाने काढलेली कामगार अभ्यास संस्था ही त्याची ठळक उदाहरणे. यांपैकी दुसरी संस्था आज नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव धारण करते. ज्यांच्या लढ्याने गिरणी कामगाराला १८९० साली रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली, तेच हे लोखंडे.

म्हणजे मुळात हा अभ्यास ‘कामगार कल्याणा’चा होता. पुढे तो ‘कार्मिक व्यवस्थापना’चा झाला आणि शेवटी ‘मानव संसाधना’चा झाला. कल्याण गेले, मग कामगार गेला, उरले ते संसाधन. खुद्द केंद्र सरकारने १९८५ साली आपल्या शिक्षण मंत्रालयाला ‘मानव संसाधन विकास मंत्रालय’ असे नाव दिले आणि पस्तीस वर्षे ते मिरविले. २०२० साली ते पुन्हा शिक्षण मंत्रालय झाले. मंत्रालयाच्या दारावरची पाटी बदलली, वर्गातली पाटी मात्र कायम राहिली.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला येथे दुसऱ्या बाजूचे म्हणणेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात आणि गॅरी बेकर यांनी १९६४ सालच्या ग्रंथात ‘मानवी भांडवला’ची कल्पना मांडली. शिक्षण व आरोग्य यांवरील खर्च हा उपभोग नसून गुंतवणूक आहे, असा त्यांचा सिद्धान्त. माणसाला संपत्ती मानणे अनेकांना अपमानास्पद वाटेल याची जाणीव शुल्ट्झ यांना होती. अशा गुंतवणुकीने माणसाच्या निवडीचे क्षेत्र वाढते, असे त्यांचे उत्तर होते. या विचारामुळे गरीब देशांच्या सरकारांना शाळांवर खर्च करण्यास एक सबळ कारण मिळाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या सिद्धान्ताचे पोट पाहा. शिकलेला कामगार हा आपल्या कौशल्याचा मालक, म्हणजे एक छोटा भांडवलदारच, असे तो मानतो. मग त्याला मजुरी कमी मिळाली तर दोष कोणाचा? त्याचाच. त्याने स्वतःमध्ये पुरेशी गुंतवणूक केली नाही! सूत बाजारातील सट्टा, व्यापाऱ्याने पाडलेली खर्ची, संघटना नसणे, कायद्याने हात झटकणे, यांपैकी काहीच हिशेबात येत नाही. भांडवल असलेल्या माणसाला ते विकून घरी बसता येते. मागावरचा कामगार स्वतःला घरी ठेवून आपले कौशल्य कामावर कसे पाठविणार?

पिकाचा हिशेब

आता पुस्तक मिटून कबनूरच्या एखाद्या शेडमध्ये जाऊ. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग उभा केला. त्याला सव्वाशे वर्षे होत आली. एवढ्या अवधीत या धंद्याने एक संपूर्ण प्रदेश उभा केला. पण येथे ‘मानव संसाधन विभाग’ शोधू गेलात तर सापडावयाचा नाही. येथे आहेत मालक, दिवाणजी, जॉबर, मागवाला, कांडीवाली, वहिफणीवाला आणि घडीवाला. बऱ्याच ठिकाणी मालकही खरा मालक नसतो. तो ‘खर्चीवाला’ असतो, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुताचे कापड विणून देऊन त्याची खर्ची घेणारा. शेड एक असते, पण विजेचे मीटर वेगळे आणि नावेही वेगळी. त्यामुळे कागदोपत्री कोणाकडेच पुरेसे कामगार नसतात.

मागवाल्याची मजुरी पिकावर ठरते. पीक म्हणजे कापडात आडव्या जाणाऱ्या धाग्याची एक फेर. ५२ पिकांचे कापड म्हणजे एका इंचात असे ५२ धागे. मीटरमध्ये ३९.३७ इंच, म्हणून एका मीटरला सुमारे २०४७ पिके. साधा माग मिनिटाला १२० पिके मारतो असे धरले तर एक मीटर कापडाला सतरा मिनिटे लागतात. बारा तास माग क्षणभरही न थांबता चालला तर ४२ मीटर कापड निघेल. पण धागा तुटतो, कांडी बदलावी लागते. शंभरातील ऐंशी वेळ माग चालला तर उत्पादन ३४ मीटरवर येते. सूत हलके निघाले, वीज गेली, बीम संपून दुसरे चढण्यास वेळ लागला, की ते आणखी खाली येते. केवळ हिशेबाच्या सोयीसाठी मीटरला एक रुपया दर धरा आणि कामगाराकडे सहा माग आहेत असे माना. ऐंशी टक्क्यांना सुमारे दोनशे चार रुपये होतात. उत्पादन साठ टक्क्यांवर आले की दीडशेच्या आसपास. हे पन्नास रुपये कोणाचे गेले? हलके सूत कामगाराने आणले नव्हते. वीज त्याने घालविली नव्हती. पण तोटा त्याच्या खिशातून गेला.

पिकावरच्या मजुरीचे मर्म येथे आहे. धंद्यातील जोखीम वरून खाली, व्यापाऱ्याकडून खर्चीवाल्याकडे व खर्चीवाल्याकडून कामगाराकडे सरकविण्याची ती यंत्रणा आहे. मानव संसाधनाच्या पाठ्यपुस्तकात ‘कार्यमूल्यमापन’ नावाचे प्रकरण असते, ‘प्रोत्साहनपर वेतन’ नावाचेही असते. पण साठ टक्के उत्पादन देणारा कामगार हा आळशी नसून हलक्या सुताचा बळी असू शकतो, हे त्यात कोठे आहे? या पट्ट्यातील कामगारांनी १९१३ सालच्या कोण्या परदेशी ग्रंथातून नव्हे, तर २०१३ सालच्या दीर्घ संपातून मजुरीचा दर आणि महागाई यांची सांगड घालण्याचा धडा शिकला. त्या संपावर, त्यानंतरच्या करारावर आणि कराराच्या अंमलबजावणीच्या रखडीवर पदवीच्या वर्गात एक तास तरी बोलले जाते काय? जे आपल्या गल्लीत घडले ते अभ्यासक्रमाबाहेर, आणि सातासमुद्रापलीकडच्या कंपन्यांच्या यशोगाथा मात्र परीक्षेला, असा हा उफराटा न्याय आहे.

कायद्याचेही तेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत विलीन झाले. विजेवर चालणारा कारखाना कायद्याच्या कक्षेत येण्यासाठी जुन्या केंद्रीय कायद्यात दहा कामगारांची अट होती, ती वीस झाली. स्थायी आदेशांची सक्ती शंभरऐवजी तीनशे कामगारांच्या आस्थापनांना लागू झाली. सर्व औद्योगिक आस्थापनांत संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस आवश्यक ठरली. कंत्राटी कामगारांसंबंधीची तरतूद पन्नास वा अधिक कंत्राटी कामगार असतील तेथेच लागू राहिली. कल्याण अधिकाऱ्याची मर्यादा पाचशेवरून अडीचशेवर आली, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण शेडचे तुकडे करून जेथे वीसही कामगार दाखविले जात नाहीत, तेथे अडीचशेच्या तरतुदीचे कौतुक कोणी करावे? ज्या जॉबरला हुसकण्यासाठी ही विद्या जन्मली, तो कंत्राटदाराच्या रूपाने परत आला आहे. आणि या विद्येचे पदवीधर आज त्याच कंत्राटदाराच्या कचेरीत हजेरीपट लिहीत बसले आहेत.

शिकविणाराही पिकावरच

या साऱ्यातील सर्वांत कडवट विनोद वर्गाच्या फळ्याजवळ उभा आहे. व्यवस्थापनाचे पदवी अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित. विद्यार्थ्याच्या शुल्कावर ते चालावयाचे आणि शिकविणारे प्राध्यापक नेमावयाचे ‘घड्याळी तासिका तत्त्वा’वर. मी ज्या ज्या ठिकाणी बहिःस्थ परीक्षक म्हणून गेलो, त्यांपैकी एका महाविद्यालयात ‘सेवाशाश्वती’ आणि ‘कामगारांचे मनोबल’ ही प्रकरणे शिकविणारी तरुण प्राध्यापिका मला म्हणाली, “सर, मार्चनंतर माझे तास संपतात. जूनमध्ये बोलावले तर येईन.” पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेली ही मुलगी. तिला सुटीचा पगार नाही, आजारपणाची रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. मागवाल्याला पिकावर मजुरी, हिला तासावर. दोघांच्या बाबतीत यंत्र बंद पडले की मजुरी बंद. तिने फळ्यावर ‘सेवाशाश्वती’ हा शब्द लिहिताना तिच्या मनात काय येत असेल, याचा विचार विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने कधी केला आहे काय?

आणि या वर्गातून बाहेर पडणाऱ्याचे पुढे काय? २०२४ साली राज्य शासनाने मोठ्या गाजावाजाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. पदवीधराला महिना दहा हजार रुपये विद्यावेतन, मुदत सहा महिने. पुढे ती वाढविण्यात आली. कचेऱ्यांत या मुलांनी कारकुनाचे काम केले, पण त्यांना कारकून म्हणावयाचे नाही, प्रशिक्षणार्थी म्हणावयाचे. मुदत संपली की नमस्कार. ‘कायम करा’ म्हणून ही मुले रस्त्यावर आली, तेव्हा त्यांना कळले की आपण संसाधन होतो, सेवक नव्हतो.

याच हातकणंगले तालुक्यातील कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जन्मगाव. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि गरिबाच्या मुलासाठी ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग खुला केला. तेथेही मुले राबत. पण तो राबणूक देणारा मालक कोणी तिसरा नव्हता. मुले शेत नांगरीत, त्या शेताचे धान्य त्यांच्याच ताटात येई. श्रमाने शिक्षणाला आधार दिला होता. आज ‘प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणा’ला श्रेयांक देऊन विद्यार्थ्याला कोणाच्याही आस्थापनात फुकट वा नाममात्र विद्यावेतनावर पाठविले जाते, आणि त्यालाच श्रमप्रतिष्ठा म्हटले जाते. शुल्कही विद्यार्थ्याने भरावयाचे आणि श्रमही त्यानेच द्यावयाचे. कर्मवीरांचे नाव घेऊन हे चालत असेल तर त्याच्याइतका त्यांचा दुसरा अपमान नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे तक्रार मांडली होती की कष्टकऱ्याच्या पैशावर वरच्यांचे शिक्षण चालते. आज कष्टकऱ्याचे मूल शिकते आहे, पण शिकून आपल्याच बापाचे ‘व्यवस्थापन’ कसे करावे हे शिकते आहे.

आक्षेपांना उत्तर

कोणी म्हणेल, “सर, आपले सारे खरे, पण मुलांना नोकरी हवी. कामगारशास्त्र शिकविले तर त्यांना नोकरी कोण देईल?” हा प्रश्न बापाच्या तोंडून आला तर मी त्याच्यापुढे मान लववीन. पण तो संस्थाचालकाच्या तोंडून आला तर उलट विचारीन की, आपण आज जे शिकविता त्याने किती जणांना काय पगाराची नोकरी लागली, याचा हिशेब सूचनाफलकावर लावाल काय? शिवाय नोकरीच्या दृष्टीनेही वेतनचिठ्ठी तपासता येणारा, भविष्यनिर्वाह निधी व राज्य विम्याचे हिशेब अचूक ठेवणारा, संहितांची कलमे जाणणारा पदवीधर हा नुसती इंग्रजी व्याख्या पाठ केलेल्या पदवीधरापेक्षा अधिक उपयोगी पडतो. हा मालकाच्याही हिताचा भाग आहे.

दुसरा आक्षेप आपल्याच डाव्या मित्रांचा. त्यांच्या मते हा विषयच मुळी मालकांचा, म्हणून त्याच्यावर बहिष्कार घालावा. मला हे मान्य नाही. कामगारांची भरती, मजुरी, प्रशिक्षण, तक्रारनिवारण यांची व्यवस्था कोणत्याही समाजात करावीच लागेल. समाजवादी समाजात तर अधिक काळजीने करावी लागेल. सहकारी सूतगिरण्या आणि साखर कारखाने ही आपली स्वप्ने होती. तेथील कामगाराशी आपण निराळे वागलो काय, हे एकदा आरशात पाहावे. ती विद्या आपल्याजवळ नव्हती, म्हणून आपल्या संस्थांतही दिवाणजीचेच राज्य आले. विद्या सोडून द्यावयाची नसते, तिची मालकी बदलावयाची असते.

काय मागावयाचे आणि काय करावयाचे

म्हणून मागणी स्पष्ट असावी. पदवी स्तरावरील या विषयात श्रमसंबंधांना निम्मे स्थान मिळावे. कामगार चळवळीचा इतिहास, चार संहितांचा चिकित्सक अभ्यास, किमान वेतनाची रीत आणि स्थानिक उद्योगातील मजुरीचा हिशेब, ही प्रकरणे परीक्षेला असावीत. प्रकल्पासाठी कामगाराची मुलाखत मालकाच्या समक्ष घेऊ नये, असा साधा नियम विद्यापीठाने करावा. कार्यप्रशिक्षणाच्या जागांत कामगार संघटनेची कचेरी व सहायक कामगार आयुक्तांचे कार्यालय यांचाही समावेश व्हावा, आणि प्रशिक्षणार्थ्याला विद्यावेतन व अपघात विमा सक्तीचा असावा. विषय शिकविणाऱ्यांच्या पूर्णवेळ जागा भराव्यात. तासिकेवरच्या शिक्षकांना निदान बारा महिन्यांचे वेतन मिळावे. या मागण्या शिवाजी विद्यापीठाच्या अधिसभेत मांडता येतात. त्या निवडणुकांकडे आपण आजवर दुर्लक्ष केले, ते आता पुरे झाले.

पण मागण्यांवर थांबणे म्हणजे ठराव करून घरी जाणे. त्याने काही होत नाही, हे आपण पुष्कळ वर्षे अनुभवले आहे. कबनूरमध्ये आणि शक्य तेथे प्रत्येक गावी कार्यकर्त्यांनी महिन्यातून एका रविवारी अभ्यासवर्ग चालवावा. पदवीच्या वर्गातील मुले आणि त्यांचे मागावरचे पालक यांना एकत्र बसवावे. मुलाने पाठ्यपुस्तक उघडावे, बापाने आठवड्याच्या पगाराचा कागद काढावा आणि दोघांनी मिळून पिकाचा हिशेब मांडावा. मला अजून दोन तास उभे राहून शिकविता येते. पहिल्या वर्गाचा फळा आणि खडू मी आणीन.

त्या विद्यार्थिनीला मी तिचा अहवाल परत दिला तेव्हा एवढेच सुचविले की, प्रश्नावली पुन्हा एकदा भरून घे, पण या वेळी रात्री जेवणानंतर, आपल्या घराच्या ओट्यावर. आठ दिवसांनी ती आली. ‘पूर्ण समाधानी’चा रकाना जवळजवळ रिकामा होता आणि ‘अन्य काही सांगावयाचे असल्यास’ या रकान्यात जागा पुरली नव्हती. मागे कागद जोडावे लागले होते. तिने विचारले, “सर, हे मागचे कागद महाविद्यालयात चालतील का?”

ते चालले पाहिजेत. ते चालावेत म्हणूनच आपल्याला हा झगडा करावयाचा आहे.